एकसष्ट लाल, एक हिरवा

व्हर्लिन टेस्डालला कुणी नावं ठेवायला लागलं की मी त्याला तिथेच गप्प करते. तो फार थोर माणूस होता म्हणून नव्हे. त्याला नावं ठेवायचीच असतील तर पहिला हक्क माझा आहे, आणि मी ती ठेवत नाही. का ठेवत नाही, ते सांगायला मला चार वर्षं लागली.

आमच्या मतदारसंघातून राज्याच्या सभागृहात दोन आमदार जातात. चोवीस वर्षं त्यातला एक व्हर्लिन होता. शेवटची चौदा वर्षं दुसरी मी. टेबलाला टेबल लागून, त्याच्या डाव्या हाताला. त्याआधी मी टोरव्हिलच्या शाळेत चौथीला शिकवत होते, त्यामुळे निम्मा मतदारसंघ मला अजूनही बाईच म्हणतो.

व्हर्लिन धंद्याने लिलाववाला. म्हातारी जोडपी शेत सोडून गावात राहायला निघाली की त्यांचं सामान अंगणात मांडून तो विकायचा: ट्रॅक्टर, दुधाच्या किटल्या, पाने-हातोडे, खाटा, सगळं. आवाज असा की दोन शेतं पलीकडची गुरं माना वर करायची. पण बोली चालू असताना त्याची नजर घरच्या बाईवर असे. एखादी वस्तू पुढे आली आणि तिचा चेहरा पडला की तो म्हणायचा, "हे मशीन मोडलंय, मंडळी. मोडकं विकून मी माझं नाव खराब करत नाही." आणि चांगलं चालणारं शिवणयंत्र गुपचूप तिच्या गाडीत जाऊन बसायचं. माझ्या सासूबाईंचं असंच वाचलं. लोकांनी त्याला निवडून दिलं ते या असल्या गोष्टींसाठी. धोरणं-बिरणं त्याला कुणी कधी विचारली नाहीत.

आमचं अधिवेशन जानेवारीत भरतं आणि मार्चअखेर उठतं, म्हणजे पेरणीच्या आधी सगळे आपापल्या शेतावर. तेवढे दिवस आम्ही राजधानीतल्या एका मोटेलात राहायचो. दर शनिवारी सकाळी मात्र व्हर्लिन तीन तास गाडी हाणून टोरव्हिलच्या वाचनालयात हजर. तिथे कॉफी, दालचिनीचे रोल आणि मतदारांच्या शिव्या, हा आमच्याकडचा रिवाज आहे. चोवीस वर्षांत त्याने एक शनिवार चुकवला नाही आणि एक मतदान चुकवलं नाही. बाकी कामगिरी विचाराल तर दोन पूल, कापणीच्या हंगामात धान्याच्या ट्रकांना वजनाची सूट, आणि राज्याचा अधिकृत कीटक मधमाशी असावा हा ठराव. त्यावर आम्ही दीड तास भांडलो होतो. हसू नका. आमच्यासारख्या आमदारांचं आयुष्य असंच जातं, आणि ते वाईट नसतं.

आता आमची एक गंमत सांगते.

सभागृहात भिंतीवर मोठा फलक आहे. प्रत्येकाच्या नावापुढे दिवा. टेबलावरचं बटण दाबलं की बाजूने असाल तर हिरवा, विरोधात असाल तर लाल. मतदान चालू आहे तोवर मत बदलता येतं. सभापतींनी बंद म्हटलं की यंत्र कुलूपबंद, मग देवालाही बदलता येत नाही. नव्या आमदाराचं पहिलं विधेयक आलं की आमच्याकडे सगळे मिळून लाल दाबतात. फलक वरपासून खालपर्यंत लाल. बिचारा नवा माणूस पांढराफटक. मग खूण होते, सगळे पटापट हिरवं दाबतात, हशा, टाळ्या, पाठीवर थापा. त्या दिवसापासून तो आपला.

खूण द्यायचा मान व्हर्लिनचा. तो खिशातून टेबलक्लॉथएवढा निळा चौकड्यांचा रुमाल काढायचा आणि रणशिंग फुंकावं तसं नाक शिंकरायचा. की हिरवं.

माझ्या वेळी मी टेबल घट्ट धरून उभी राहिले. मग रुमाल निघाला. मी हसत हसत रडले, आणि मला ते आवडलं, हे कबूल करते. चौथीच्या बाईला कुणी आपल्या खेळात घेतलं याचं मला फार अप्रूप वाटलं होतं.

कॉरिन व्हेसली आमच्याच पक्षाची, पण राज्याच्या पार पश्चिमेकडची. शाळेची बस चालवायची. तिचा भाऊ मक्याच्या टाकीत बुडून गेला होता. पत्र्याच्या त्या उंच टाक्या आमच्याकडे प्रत्येक शेतात असतात. वरून घट्ट दिसणारा मका पायाखालून सरकला की माणूस कंबरेपर्यंत जातो, मग छातीपर्यंत. ओढून काढू गेलात तर हात निखळतील, पण माणूस निघत नाही. त्याच्याभोवती पत्र्याच्या फळ्या गोल ठोकायच्या आणि आतला मका उपसायचा, एवढाच उपाय. कॉरिनचं विधेयक चार ओळींचं होतं: गावोगावच्या स्वयंसेवक अग्निशमन दलाला या फळ्यांचा एक संच आणि एक दिवसाचं शिक्षण. विरोध कुणाचाच नव्हता. त्यावरच ती निवडून आली होती.

तो गुरुवार होता. पश्चिमेकडून हिमवादळ येत होतं आणि सगळ्यांचं लक्ष खिडकीकडे. सभापती मुलीच्या बाळंतपणाला गेलेले, खुर्चीत उपसभापती. त्याला दोनशे मैल घरी जायचं होतं.

कॉरिन बोलायला उठली तेव्हा मी व्हर्लिनकडे वाकले. "अरे, हिच्या वेळी नको. भावाचं आहे ते. वर गॅलरीत तिची आई बसलीय."

"म्हणून तर," तो म्हणाला. "सगळ्यांना केलं आणि हिलाच सोडलं तर तिला काय वाटेल? मला परकी समजतात. दहा सेकंद गं, मार्लिस. मग बघ म्हातारी कशी हसते ती."

त्याच्या मनात खरोखर तेच होतं. आणि मला ते पटलं. पटलं म्हणून मी लाल दाबलं.

फलक लाल झाला. एकसष्ट लाल, एक हिरवा. कॉरिनने फलकाकडे पाहिलं आणि लगेच मान वळवून वर, आईकडे. म्हातारीने पर्स छातीशी धरली होती. मागच्या रांगांतून दबकं हसू येत होतं. व्हर्लिनने रुमाल काढला. हातात धरला. आणि थांबला.

का थांबला ते मला पुरतं माहीत आहे, कारण मी त्याला शंभर लिलावांत पाहिलंय. गर्दी रंगात आली की तो हातोडा क्षणभर वर ठेवायचा, अजून एक बोली यावी म्हणून. तो हशा पिकायची वाट पाहत होता.

"मतदान बंद," उपसभापती म्हणाला.

यंत्राचा खट्ट आवाज झाला. रुमाल नाकापर्यंत पोचलाच नव्हता.

"बाजूने एक, विरोधात एकसष्ट. विधेयक फेटाळण्यात आलं. वादळामुळे सभागृह सोमवारपर्यंत तहकूब." मागे कुणीतरी अजून हसत होतं, त्याला कळलंच नव्हतं. मग तोही थांबला.

व्हर्लिन धावत बाहेरच्या व्हरांड्यात गेला, मी त्याच्या मागे. कॉरिन आईला कोट घालत होती.

"कॉरिन, ऐक. ती गंमत होती. पहिल्या विधेयकाला आम्ही सगळ्यांनाच करतो. तो उपसभापती गाढव आहे. सोमवारी मी उठतो आणि फेरमतदान मागतो. शब्द देतो तुला."

"गंमत," कॉरिन म्हणाली. आवाज चढवला नाही तिने. "माझी आई साडेचार तास गाडीत बसून आली. तिला मी काय सांगू, व्हर्लिन? लोक हसत होते ते कशाला, सांगू?"

मी कोटाचं पडलेलं बटण उचलून म्हातारीच्या हातात दिलं. तेवढंच केलं मी.

"सोमवारी मला काही समजावू नका," कॉरिन म्हणाली. "फक्त उठा."

आमचा नियम असा आहे. पडलेलं विधेयक पुन्हा मताला आणायचं तर ज्यांनी ते पाडलं त्यांच्यातलाच एक उठला पाहिजे, तोही लगेचच्या बैठकीत. उठून कारण सांगायचं. कॉरिनला स्वतःला उठता येत नव्हतं, कारण हिरवं तिचं एकटीचं होतं. ज्यांनी घाण केली त्यांनीच ती उचलायची, असा तो नियम. मला तो नेहमी फार शहाणा वाटत आला होता.

सोमवारी सकाळी कँटीनमध्ये आमच्या पक्षाचा गटनेता ट्रे घेऊन समोर बसला.

"उठणार म्हणे तू?"

"शब्द दिलाय," व्हर्लिन म्हणाला.

"ऊठ ना. पण कारण काय सांगशील? मेलेल्या भावापायी आणलेल्या विधेयकावर आम्ही एकसष्ट जण थट्टा करत होतो, असं? उद्या प्रत्येक पेपरात पहिल्या पानावर. नोव्हेंबरात निवडणूक आहे, बाबा. आत्ता कसंय, विधेयक पडलं. विधेयकं पडतात. पुढच्या वर्षी आणू, एकमताने करू. एका वर्षाने काय बिघडतंय?"

व्हर्लिनने अंड्याकडे बघितलं, खाल्लं नाही. गटनेता माझ्याकडे वळला. "काय मार्लिस, चुकतंय का माझं?"

मी म्हणाले, "व्हर्लिनला ठरवू दे." किती सोयीचं वाक्य आहे बघा.

अकरा वाजता सचिवाने विचारलं, "फेरविचाराची सूचना कुणाची आहे का?" व्हर्लिनचा हात माईकवर गेला. त्याची खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला. तो उठला, अर्धा उठला. मग पँट नीट केल्यासारखं करून खाली बसला. समोर तीन रांगा पुढे कॉरिन मागे वळून बसली होती, सरळ त्याच्याकडे बघत. सचिव पाच-सहा सेकंद थांबला. फार मोठे होते ते. मग त्याने पुढचा विषय वाचला.

त्या पाच-सहा सेकंदांत मी माझ्या पेनाचं टोपण लावत होते. एकसष्टांपैकी कुणीही उठू शकलं असतं, आणि त्यातली एक मी होते. पण मी मनाला सांगितलं, गंमत त्याची, शब्द त्याचा, लाज त्याची. त्याने खाली बसावं आणि मी त्याचा राग करावा, हे मला उठण्यापेक्षा सोपं होतं. सबंध आठवडाभर मी त्याच्याशी धड बोलले नाही. काय तो माझा तोरा!

ऑक्टोबरात, कापणीच्या दिवसांत, ड्वेन स्टोल्ट्झ टाकीत अडकला. आमचा ड्वेन, टोरव्हिलपासून चार मैलांवरचा. चौथीत माझ्या वर्गात खिडकीजवळ बसायचा, सात नव्वे किती हे त्याला कधी जमलं नाही. आता बेचाळीस वर्षांचा होता. मका छातीपर्यंत. शुद्धीवर होता, बोलत होता. बायको रीटा शिडीवरून त्याला सांगत होती की हलू नकोस. गावचं दल सात मिनिटांत आलं, दोर, फावडी आणि प्लायवूड घेऊन. फळ्यांचा संच होता तो साठ मैलांवर, दुसऱ्या काउंटीत. व्हर्लिन शेजारचाच, तोही धावला. एकाहत्तर वर्षांचा माणूस टाकीत उतरून प्लायवूड धरून उभा राहिला. फळ्या पोचल्या तेव्हा ड्वेनचं बोलणं थांबून वीस मिनिटं झाली होती.

नोव्हेंबरात आम्ही दोघंही पुन्हा निवडून आलो. कुणी काही विचारलं नाही. कुणी कशात मत कसं दिलं हे आमच्याकडे कोण वाचतं? सगळं छापलेलं असतं, वाचनालयात फडताळात असतं, आम्ही शनिवारी कॉफी पितो त्याच्या मागेच.

तिथेच जानेवारीत रीटा आली. दालचिनीचा रोल घेतला नाही, बसली नाही.

"व्हर्लिन, मला अग्निशमनच्या पोरांनी सांगितलं, गेल्या वर्षी या फळ्यांचा कायदा होणार होता म्हणे. कुणी पाडला?"

"सभागृहाने," व्हर्लिन म्हणाला.

"कसली माणसं असतील ती! तुम्ही कसे बसता त्यांच्यात?" तिने त्याचा हात धरला. "ते परत आणा. ड्वेनच्या नावाने. तुम्ही शेवटपर्यंत त्याच्याजवळ होतात. दुसऱ्या कुणाकडे मी जाणार नाही."

खोलीत तीसेक माणसं. सगळी मान हलवत होती. व्हर्लिनने "आणतो" म्हटलं. मी तिच्यासाठी खुर्ची ओढली.

राजधानीत तो आधी कॉरिनकडे गेला. "विधेयक तुझं आहे. पहिलं नाव तुझं घाल."

"नाही," ती म्हणाली. "तुमचंच घाला. मोठ्याने वाचायला लागेल तुम्हाला."

वाचलं त्याने. लिलाववाल्याचा तो आवाज, पहिल्या रांगेलाही नीट ऐकू गेला नाही. सगळे हिरवे. गॅलरीत रीटा उभी राहिली आणि लोक तिच्यासाठी उभे राहिले. गटनेत्याने माझ्याकडे बघून डोळ्यानेच म्हटलं, बघ, झालं की नाही एकमताने. मला माझीच शिसारी आली.

एप्रिलमध्ये दलाने आपल्या शेडमध्ये पॅनकेकची न्याहारी ठेवली. रविवारी चर्च सुटल्यावर अख्खं गाव. लाल बंब बाहेर काढून आत टेबलं मांडलेली, नव्या फळ्या भिंतीला टेकवलेल्या. दलाच्या प्रमुखाने व्हर्लिनला पितळी पाटी दिली. त्यावर त्याचं नाव, खाली 'आमचा मित्र'. टाळ्या झाल्या. व्हर्लिन पाटी हातात घेऊन उभा राहिला, आणि मला वाटलं, घेतो आता हा आणि बसतो.

"ही मला घेता येणार नाही," तो म्हणाला. आणि त्याने सांगितलं. गुरुवारचं, रुमालाचं, वाट पाहिल्याचं. "हसू वाढावं म्हणून थांबलो," हे त्याच शब्दांत. शब्द दिला आणि सोमवारी बसून राहिलो, हेही. "गंमत माझी होती. लाल दाबायला मी लावलं, बहुतेकांनी दाबलं. उठायला मी हवा होतो. उठलो असतो तर गेल्या हंगामात या भिंतीला या फळ्या असत्या. ड्वेन आज इथे पॅनकेक खात असता."

पाटी त्याने टेबलावर सिरपच्या बाटलीजवळ ठेवली. मागे तव्यावर काहीतरी करपत होतं आणि उलथनं हातात घेऊन माणूस नुसता उभा होता.

रीटा उठली. मला वाटलं, मारते आता त्याला. तिने त्याच्याकडे पाहिलंच नाही. ती टेबलाला वळसा घालून माझ्याकडे आली आणि माझे दोन्ही हात घट्ट धरले. तिचे हात गार होते.

"बाई," ती म्हणाली, "तुम्ही नाही ना? तुम्ही नाही दाबलं ना लाल?"

व्हर्लिन माझ्या शेजारीच उभा होता, नेहमीसारखा, माझ्या उजव्या हाताला. मी म्हणाले, "नाही गं बाळा. मी नाही."

तिने माझ्या खांद्यावर डोकं टेकवलं आणि रडली. व्हर्लिनने सगळं ऐकलं. त्याने टोपी घेतली आणि बाहेर गेला. मला त्याने खोटं पाडलं नाही, तेव्हाही नाही, नंतर कधीही नाही.

पुन्हा तो निवडणुकीला उभा राहिला नाही. लिलावही त्याने सोडले. अर्धं गाव त्याच्याशी बोलतं, अर्धं बोलत नाही, आणि रीटा रस्ता ओलांडून पलीकडे जाते. महिन्यातून एकदा दलाचा सराव असतो. मक्याने भरलेल्या ट्रॉलीत कुणालातरी छातीपर्यंत पुरून घ्यावं लागतं, म्हणजे पोरांना फळ्या ठोकायचा हात बसतो. तो माणूस दर वेळी व्हर्लिन असतो. आता तो पंचाहत्तरीला आलाय. पोरं म्हणतात, "काका, आज राहू द्या, थंडी आहे." तो आधीच आत उतरलेला असतो.

मी अजून आमदार आहे. गेल्या खेपेला मला आजवरची सगळ्यात जास्त मतं पडली. त्या न्याहारीची गोष्ट गावात फिरली ना, बाईंनी एकटीने सगळ्यांविरुद्ध हिरवं दाबलं म्हणून.

दर नाताळाला रीटाचं कार्ड येतं. मेंढ्यांचं किंवा ताऱ्याचं चित्र, आत तिचं मोठं अक्षर. यंदाच्या कार्डात लिहिलंय, "बाई, त्या सगळ्यांत एक तरी माणूस बरं होतं या विचारावर मी दिवस काढते." कार्ड माझ्यासमोर टेबलावर आहे. दर वर्षी मी ठरवते की तिला खरं लिहायचं. आणि दर वर्षी मी तिला लिहिते, नाताळाच्या शुभेच्छा, तब्येतीला जप, तुझी बाई.